पहिली पंगत आवाजाची, दुसरी मुकाट्याची

पेडणे,
सोमवार, १२ डिसेंबर १९९४

तीर्थरूप दादास,

विनूचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तू त्यावर विश्वास ठेवू नकोस. वहिनीचा गुडघा कसा आहे? (तिनं पाठवलेलं तेल पोचलं. ते मी गुडघ्याऐवजी डोक्याला लावते, कारण सध्या दुखतं ते डोकं.) मुलांना अनेक आशीर्वाद. नदीकाठचं भात कापून घरात आलं असेल, अशी आशा आहे. देवळात जाशील तेव्हा सप्तकोटेश्वराला माझं म्हणून एक फूल वाहा आणि सांग, की पेडण्यात तुझी एक लेक आहे, ती स्वभावानं वाईट नाही, पण हल्ली तिचं तोंड सुटतं.

आता मुद्द्याचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू बाबांना डिचोलीच्या स्टँडवर बसमध्ये बसवून दिलंस. पिशवीत दोन धोतरं, चष्मा, पंचांग आणि तुझी चिठ्ठी. 'बाबा जेवत नाहीत. दोन घास घेतात आणि पानावरून उठतात. डॉक्टरना काही सापडत नाही. गणेशचवथीपासून सहा किलो उतरले. तुझ्या हातचं खाऊन बघू देत. आठ दिवस ठेवून घे.' दादा, आठ दिवस दसऱ्यापासून मोजायचे की पुढच्या दसऱ्यापासून, ते तू लिहिलं नव्हतंस. आज दोन महिने झाले. बाबा अजून जेवत नाहीत आणि माझ्याकडे जे जेवत होते तेही आता नीट जेवत नाहीत. तेव्हा येत्या रविवारी, न चुकता, तू ये आणि त्यांना घेऊन जा. हे पत्र त्यासाठीच आहे. बाकीचं सगळं मी मन मोकळं करण्यासाठी लिहिते आहे, वेळ नसेल तर वाचू नकोस. (पण वाच.)

तुला माझ्या खाणावळीची कल्पना नाही. तू मागे आलास तेव्हा दुपारी सहा डबे जायचे. आता रेल्वेचं काम सुरू झाल्यापासून पुढच्या खोलीत रोज चौदा माणसं जेवतात. सगळे गडहिंग्लज आणि बेळगावकडचे. त्यांचा मुकादम दिनकर, पन्नाशीचा, छातीनं दरवाज्याएवढा आणि बोलायला अगदी लोण्यासारखा. माझ्या हाताखाली सोनाबाई आहे, तीही त्यांच्याच मुलखातली; भाकऱ्या आणि रस्सा तिचा, भात आणि माशाचं हुमण माझं. शिवाय खिडकीपाशी एक टेबल आहे, तिथं आपले इथले कचेरीतले तिघं बसतात. त्यांचे म्होरके तलाठी अनंत. एवढीच माझी प्रजा. आणि दादा, ही प्रजा सुखात होती.

आवाजाचं मात्र तुला सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. ही रेल्वेची माणसं जेवायला बसली की पहिला भुरका दिनकरचा. तो वाटी तोंडाला लावत नाही. ओठांपासून दोन बोटं लांब धरतो आणि रस्सा हवेतून ओढून घेतो. गावातल्या देवळाचा शंख फुंकण्याऐवजी कुणी आत ओढला तर जसा वाजेल, तसा आवाज. मग बाकीचे तेरा. मग बोटं चाटणं, ताक पिणं, आणि शेवटी ढेकर, एकेकाचा, वयाप्रमाणे क्रमानं. पहिला महिनाभर मी जेवणाच्या वेळी रेडिओ मोठा लावून स्वयंपाकघरात उभी राहायचे. तू हसशील, पण तुला तरी ते सोसलं असतं का? आपण कुठल्या घरात वाढलो! पेज पितानासुद्धा कुलेर (सोनाबाईच्या भाषेत चमचा) ताटलीला लागली तर बाबा नुसते मान वर करून बघायचे, आणि तोंडाचा आवाज झाला तर पानावरून उठवायचे. तुला आठवतं ना, त्या भाषेच्या आंदोलनात आख्खं गाव कोकणी की मराठी म्हणून चव्हाट्यावर भांडत होतं, बाबा एका तटात आणि काका दुसऱ्या. पण दोघं एका पंगतीला बसले की घरात फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज. तोंड पुसून हात धुतले की अंगणात पुन्हा सुरू.

आणि शेवग्याच्या शेंगा? त्या चोखल्याशिवाय खाता येत नाहीत आणि चोखायला आवाज लागतो, म्हणून आई शेंगा उकडून त्यांचा गर कुलेरीनं काढायची आणि तेवढाच आमटीत घालायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकदा चुलीपाशी गेले, तर आई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि उरलेल्या साली एकेक करून चोखत होती. केवढा आवाज करत होती, दादा. मी आत न जाता परत फिरले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कशाला सांगते आहे ते मलाही कळत नाही. पुढे जाऊ.

बाबा आले. पहिल्या दिवशी मी केळीच्या पानावर सगळं त्यांच्या आवडीचं वाढलं. म्हणाले, "तू तुझं काम कर, मी मागाहून जेवीन. ताट झाकून ठेव आणि दार ओढून घे." मी दार ओढून घेतलं. तासाभरानं बघते तर पेज संपलेली, कढी संपलेली, आणि भाकरी, भाजी, तळलेला बांगडा जिथल्या तिथं. दुसऱ्या दिवशी बांगडा नव्हता. मला वाटलं, प्रश्न सुटला एकदाचा. मग मागच्या दारी शेजारणीची मांजर मिशा पुसताना दिसली. दादा, त्या मांजरीचं वजन तुझ्या चिठ्ठीतल्या बाबांच्या उतरलेल्या वजनाएवढं वाढलं आहे. काय दुखतं म्हणून विचारलं तर काही नाही. आईची आठवण येते का म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी पदर सावरून उठले.

स्वतः जेवत नाही तो माणूस दुसऱ्यांचं जेवण बघत बसतो. तिसऱ्या दिवशी दिनकरचा पहिला भुरका निघाला आणि बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले. हातात माझी कपडे वाळत घालायची काठी. पस्तीस वर्षं शाळेत उभे राहिले तसे दारात उभे राहिले. म्हणाले, "जेवताना तोंड मिटून चावायचं असतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही का?" चौदा वाट्या हवेत थांबल्या. मला वाटलं, आता भांडण. पण दिनकर वाटी खाली ठेवून हात जोडून म्हणाला, "न्हाई वो गुर्जी, आमच्या गुर्जींनी नुसतं पाढं शिकिवलं." त्या दिवशी ती सगळी माणसं, गुरुजींचा मान म्हणून, तोंडं मिटून जेवली. चार-चार घास चावले की एकमेकांकडे बघायची, बरोबर होतंय का म्हणून. स्वयंपाकघरात सोनाबाईचा जीव वरखाली. "ताई, मीठ पडलं न्हाई का काय? का रस्सा इटला?" तिनं तीनदा रस्सा चाखला. तेव्हा मला कळलं, की गेलं वर्षभर ती मीठ जिभेनं बघतच नव्हती, कानानं बघत होती. तिच्या गावात पाव्हणा भुरका न मारता जेवला तर घरची बाई दारामागे उभी राहून रडकुंडीला येते म्हणे. त्या दिवशी अर्धा रस्सा उरला. दुसऱ्या दिवशी सहा जण कोपऱ्यावरच्या हॉटेलात भाजीपाव खायला गेले.

खिडकीजवळचं टेबल मात्र बाबांवर खूष. तलाठी अनंत तर म्हणाले, की पेडण्यात इतक्या वर्षांत अशी शिस्त बघितली नाही. बाबांनी भिंतीवर पाटी लावली, सुंदर अक्षरात: 'जेवताना आवाज करू नये.' त्यावर एक दिवस शांततेत गेला. मग आला शुक्रवार. मी चणकाचं हुमण केलं होतं आणि अनंतना डोकं लागतं, म्हणून डोकं त्यांच्या ताटात. दादा, आपल्याकडचा माणूस माशाचं डोकं कसं खातो ते तू जाणतोस. आधी गाल, मग कल्ले, मग एकेक हाड तोंडात फिरवून, ओढून, चोखून, आणि सर्वांत शेवटी डोळा. तो डोळा जेव्हा आत गेला तेव्हा रेल्वेच्या पंगतीत एकानं ताट पुढे सरकवलं आणि दिनकरनं बाबांकडे वळून अगदी नम्रपणे विचारलं, "गुर्जी, ह्ये तोंड मिटल्यालं हाय का उघडं?"

अनंत संतापले. हाडं काय कातरीनं खायची, म्हणाले. तुमी रोस ओडटात, आमी नुस्तें खातांव, दोनीं एक न्हय! (रागावले की ते कोकणीत जातात. सोनाबाईला मी सांगितलं: तुम्ही रस्सा ओढता, आम्ही मासे खातो, दोन्ही एक नव्हे, असं म्हणतात.) दिनकर म्हणाला, आमचा रस्सा तरी डोळं वटारून बगत न्हाई. टेबल एका बाजूला, बाकडी दुसऱ्या बाजूला, आणि दोघंही न्याय मागत बाबांकडे. बाबांनी विचार केला. निकाल असा दिला, की माशाचं डोकं खाताना होतो तो कामाचा आवाज आणि रस्सा पिताना होतो तो चैनीचा आवाज. काम क्षम्य आहे. मी स्वयंपाकघरात कपाळ बडवून घेतलं. शेवग्याची शेंग मग काय होती, असं दारात जाऊन विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. आपल्या घरात वाढलेली माणसं विचारत नाहीत, जेवतात आणि उठतात.

मध्येच हरमलहून एक गोरा येऊन गेला, तोही सांगून टाकते. मोटारसायकल बिघडली म्हणून इथं थांबला आणि जेवायला बसला. अंगावर शर्ट नव्हता पण जेवणं असं, की बाबा कौतुकानं त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. लहान घास, मिटलेलं तोंड, आवाज शून्य. दिनकरला ढेकर आला तेव्हा त्या गोऱ्यानं असं दचकून बघितलं की बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मग रश्शाचं तिखट त्याच्या नाकात गेलं. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि भरल्या ताटासमोर, सतरा माणसांत, असं नाक शिंकरलं की खिडकीतला कावळा उडाला. वर रुमालाची घडी घालून तो खिशात! आणि पुन्हा लहान घास, मिटलेलं तोंड. पंगतीतला एक जण परसात जाऊन उभा राहिला. बाबा मुकाट्यानं खुर्ची उचलून आत गेले. त्या दिवशी तर त्यांनी पेजही घेतली नाही.

(बाबांचं हे खूळ कुठून आलं ते तुला माहीत आहे का? मला आईनं सांगितलं होतं. बारा वर्षांचे असताना पोर्तुगेज परीक्षेला पणजीला गेले, तिथं एका बड्या जमीनदार भाटकाराकडे उतरले. जेवणात पहिल्यांदा सोप, म्हणजे त्यांचं सूप, आलं, बशीभर. आपल्या नार्व्यातला मुलगा, त्यानं पेजेसारखं ओढलं. टेबलावरच्या सगळ्यांनी आपापल्या कुलेरी खाली ठेवल्या आणि त्याचं संपेपर्यंत वाट बघत बसले. तेव्हापासून आपलं घर गप्प.)

शेवटी ह्यांनी तोड काढली. (हे घरात फार बोलत नाहीत, पण रोज बसनं म्हापशाला जाऊन येतात त्यामुळे रांग कशी लावायची ते त्यांना कळतं.) दोन पंगती. साडेबाराला आवाजाची, दीडला मुकाट्याची. ज्याला जी हवी ती त्यानं घ्यावी. सगळ्यांना पटलं. सोनाबाईला तर इतकं पटलं की तिनं त्या दिवशी रस्सा दुप्पट तिखट केला. बाबांसाठी मी दीडच्या पंगतीत टेबलाच्या टोकाला पाट-चौरंगासारखा थाट केला, तिथं कचेरीची तीन सभ्य माणसं, मिटलेली तोंडं, म्हटलं, आता तरी जेवतील. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तेवढ्यात अनंत मान वर करून म्हणाले, "मास्तर, हो कट्कट् आवाज खंयसून येता? माळयार हुंदीर जाल्यात दिसता." बाबा पांढरेफटक पडले आणि पानावरून उठले.

मी त्याच दुपारी माळ्यावर चढले. या वयात, शिडीवरून, साडीचा काचा मारून. उंदीर नाही, लेंडी नाही, काही नाही. तरी पिंजरा लावला, आत सुकं खोबरं ठेवलं. आठ दिवस झाले, खोबरं तसंच आहे. आणि गंमत म्हणजे मला तुझं सप्टेंबरातलं पत्र आठवलं. तूही लिहिलं होतंस, की जेवायला बसलं की माळ्यावर कट्कट् होतं, पण चवथीच्या दिवसांत उंदीर धरायला वहिनीचं मन होईना म्हणून विसर्जनानंतर पिंजरा लावला आणि त्यात काहीच सापडलं नाही. म्हणजे तुमचे उंदीर बाबांबरोबर बसमध्ये बसून इकडे आले की काय? जाताना तेही घेऊन जा.

आणि आता शेवटचं, ज्यासाठी मी लिहायला बसले. गेले आठ दिवस बाबा दीडच्या पंगतीला येतच नाहीत. साडेबाराच्या पंगतीत जाऊन बसतात. बाकड्यावर, बरोबर मध्ये, दिनकरच्या डावीकडे! शिस्त लावायला आणखी कुठं बसणार? मी आत भात काढत असते, मला दिसत नाही, पण त्यांच्या हातातली काठी मला न बघताही दिसते. इकडे संध्याकाळचं ताट रोजच्यासारखं भरलेलं परत येतं. काल त्यांचा सदरा धुवायला घेतला तर खांद्यावर इतका सैल झालेला, की दुसऱ्या कुणाचा आहे असं वाटलं. मी मोरीत उभी राहून तो कितीतरी वेळ नुसता पिळत होते. दादा, मी हरले. माझ्या हातात काही चव होती असं लोक म्हणायचे, ती बाबांच्या कामी आली नाही. तू ये. नार्व्याचं पाणी, तुळशीचं अंगण, देवळाची घंटा यानं तरी बघ काही होतंय का. रविवारी सकाळच्या बसनं ये, जेवून दुपारी निघा.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि या पत्रात जिथं माझा आवाज चढला असेल तिथं तू मनातल्या मनात हळू वाच.

तुझी धाकटी बहीण,
विनोदिनी

ता. क. बुधवार. हे पत्र अजून इथंच आहे. ह्यांनी ते दोन दिवस सदऱ्याच्या खिशात घालून म्हापशाला नेलं आणि परत आणलं. काल मी चिडले होते. आज बरं झालं म्हणते.

आज भाकरीचं पीठ मळता मळता मी सोनाबाईला म्हटलं, की रविवारी बाबा जाणार. ती म्हणाली, "आता कशाला न्हेता? आता कुटं जेवाय लागल्यात." मी म्हटलं, कोण जेवायला लागलं? "गुर्जी की! काल अडीच भाकरी. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?" मी हात तसेच पिठाचे घेऊन दारामागे जाऊन उभी राहिले.

दादा, काठी नव्हतीच. ती मागच्या दारी वाळवणावर होती. बाबा बाकड्यावर बसले होते, भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून हातात धरून, आणि थांबले होते. दिनकरनं भुरका मारला. त्याबरोबर बाबांनी घास तोंडात घातला आणि भराभर चावला. पलीकडच्यानं ओढलं, बाबांनी पुन्हा चावलं. मध्येच सगळे एकदम श्वास घ्यायला थांबले, खोली क्षणभर गप्प झाली, आणि बाबांचा जबडा तिथल्या तिथं थांबला. डोळे पानावर, गाल फुगलेला, एखादं मूल लपाछपीत दाराआड उभं राहतं तसे. त्या क्षणभरात मी ऐकलं. कट्. एकदाच.

कवळी, दादा. चवथीच्या आधी तू म्हापशाला नेऊन करून आणलीस ती. ती बसलेली नाही. चावलं की वाजते. आपण सगळे हृदय बघत होतो, रक्त बघत होतो, आईची आठवण बघत होतो, आणि मी माळ्यावर खोबरं ठेवून आले. सोनाबाईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिच्या सासऱ्याची अशीच वाजायची, पण त्यांच्याकडे ती ऐकू जायला पंगतीत शांतता कधी नव्हती. मला का सांगितलं नाहीस म्हटलं, तर म्हणाली, मला वाटलं तुमी बी ऐकलं असंल, तुमच्यात बोलत न्हाईत म्हनून बोलले न्हाई. दिनकरलाही ठाऊक आहे. हल्ली तो मुद्दाम लांब ओढतो. मी नीट बघितलं: वाटी कधीच रिकामी झालेली असते, तरी ओढतो.

तुमच्या घरातली ती पंगत माझ्या डोळ्यांपुढे आली. तू, वहिनी, मुलं, सगळी बाबांनीच शिकवलेली, तोंडं मिटून जेवताय. आणि मध्ये बाबा. मग कोणीतरी म्हणतं, माळ्यावर उंदीर झालेत वाटतं.

(मी संध्याकाळी सहज म्हणून विचारलं, कवळी कशी बसली आहे? म्हणाले, "उत्तम." पुन्हा म्हापशाला दाखवून आणू या का म्हटलं, तर पंचांग उघडून बसले. तेव्हा तो विषय तूही काढू नकोस. मी उद्या ह्यांच्याकडून त्या दाताच्या डॉक्टरला निरोप धाडणार आहे, की सगळ्यांच्याच कवळ्या तीन महिन्यांनी तपासायचा नियम आहे असं एक कार्ड बाबांच्या नावानं पाठवावं.)

ता. क. दुसरा. तेव्हा रविवारी येऊ नकोस. रविवारी खाणावळ बंद असते आणि घरात आम्ही तिघंच, सगळी नीट वळण लागलेली. गेले दोन महिने माझ्याकडे रविवार कसा जात असेल बाबांना, हे आज माझ्या डोक्यात आलं. संध्याकाळच्या जेवणाचंही तेच. आज मी संध्याकाळी रेडिओ मोठा लावला. बातम्या होत्या. बाबांनी भाताचे सहा घास घेतले. मग हवामान सुरू झालं, ते फार हळू वाचतात, तिथं थांबले.

ता. क. तिसरा, आणि खरी विनंती एवढीच आहे. बाबांना न्यायचं असेल तर ने, तुझेच आहेत, पण आधी तुम्ही सगळे आवाज करत जेवायला शिका. थट्टा करत नाही. तू, वहिनी, दोन्ही मुलं. मुलांना लवकर येईल. तुझं कठीण आहे हे मी स्वतःवरून सांगते. आज दुपारी सगळे गेल्यावर मी सोनाबाईसमोर वाटी घेऊन बसले. ती सांगते तसं केलं: वाटी लांब धरायची, ओठ सैल सोडायचे, आणि लाज वाटायच्या आत ओढायचं. पहिल्या वेळी ठसका लागला. दुसऱ्या वेळी नुसती हवा आली. तिसऱ्या वेळी घशातून काहीतरी आलं, ते भुरका नव्हता, दादा, मला रडू आलं होतं. सोनाबाई म्हणाली, चालतंय, आवाज झाला की. चौथ्या वेळी जमला. रस्सा तसा ओढला की आधी नाकात जातो आणि मग जिभेवर, त्यामुळे एकाच घोटाची चव दोनदा लागते. चव्वेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तू पातळ कढीपासून सुरुवात कर. न्हाणीघरात कर म्हणजे शेजारी ऐकणार नाहीत. आणि रविवारऐवजी सोमवारी ये, एक दिवस रजा काढ. सोमवारी शिवराक, मासळी नाही, म्हणून कुळथाचं सार असतं, सोनाबाई ते उकळतंच वाढते, ते मुकाट्यानं पिणं कुणालाच शक्य नाही. साडेबाराच्या आत पोच. बाबांच्या उजव्या हाताला दिनकर बसतो. डावीकडची जागा तुझ्यासाठी धरायला मी त्याला सांगून ठेवलं आहे.